घाई कोणाला आहे?

मला एक छंद आहे, आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. युद्धांबद्दल वाचताना लढाया, व्यूह, सेनापतींचे पराक्रम यांत माझं मन रमत नाही. मी वाचतो तो युद्धाच्या आधीचा आठवडा. तारा, खलिते, बैठकांची टिपणं, सभागृहातली भाषणं, राजदूतांनी एकमेकांना धाडलेली साखरेत घोळलेली पत्रं. कोण काय म्हणालं यापेक्षा ते किती वाजता म्हणालं, इकडेच हल्ली माझं लक्ष जास्त जातं. शाळेत पाठ केलेली ‘मूलभूत कारणे’ आणि ‘तात्कालिक कारणे’ या कागदांत सापडतात, नाही असं नाही. पण जवळजवळ प्रत्येक वेळी आणखी एक गोष्ट सापडते, जिला पाठ्यपुस्तकात मथळा नसतो. कोणाला तरी भयंकर घाई झालेली असते.

इसवी सन पूर्व ४२७. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध पेटून चार वर्षं झाली होती. लेस्बॉस बेटावरचं मायटिलीनी हे शहर अथेन्सच्या गोटातून फुटलं, त्याचं बंड फसलं आणि ते शरण आलं. आता यांचं काय करायचं, हा प्रश्न अथेन्सच्या नागरिकांच्या सभेपुढे आला. सभा संतापलेली होती. सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारायचं आणि बायकामुलांना गुलाम करायचं, असा ठराव झाला आणि हुकूम घेऊन एक युद्धनौका निघालीसुद्धा.

मधे एक रात्र गेली. सकाळी लोकांना टोचणी लागली, की आपण अख्खं शहर मारायला निघालोय, त्यात बंडाशी काही देणंघेणं नसलेलेही आले. सभा पुन्हा भरली. क्लिऑन नावाचा पुढारी कालच्या ठरावावर अडून बसला. त्याचं म्हणणं, साम्राज्य चालवायचं तर दया परवडत नाही, आणि आज एक ठरवून उद्या बदलणाऱ्यांनी दुसऱ्यांवर राज्य करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला उत्तर द्यायला डायोडोटस उभा राहिला आणि तो दयेबद्दल बोललाच नाही. तो म्हणाला, मी त्यांची वकिली करायला आलेलो नाही, मी आपल्या फायद्याचं बोलतोय. शरण येऊनही मरायचंच असेल, तर उद्या बंड करणारं कोणतंही शहर शेवटपर्यंत लढेल, आणि खर्च आपलाच होईल. हात वर झाले. मतं जवळजवळ समसमान पडली, पण डायोडोटस जिंकला.

मग दुसरी नौका निघाली. पहिली साधारण एक दिवस आणि एक रात्र पुढे होती. या युद्धाचा इतिहास लिहिणारा तेव्हाचाच अथेन्सकर थुसिडिडीझ, त्याने या प्रवासाचं जे वर्णन करून ठेवलं आहे ते मी किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. वल्हेकऱ्यांनी सातूचं पीठ दारू आणि तेलात कालवून वल्ही मारता मारताच खाल्लं. आळीपाळीने झोपले, नौका थांबू दिली नाही. सुदैवाने वारा आडवा आला नाही. आणि पहिली नौका? ती रमतगमत चालली होती, कारण तिच्यावरच्या लोकांना त्या कामगिरीची घाई नव्हती. हुकूम वाचून झाला होता, अंमलबजावणी सुरू होण्याच्या बेतात होती, तेवढ्यात दुसरी नौका बंदराला लागली.

याला सत्याचा विजय वगैरे म्हणायला जीभ धजत नाही. बंडाचे सूत्रधार म्हणून अथेन्सला आणलेल्यांना क्लिऑनच्या सांगण्यावरून मारलंच, जमिनी वाटून घेतल्याच. अकरा वर्षांनी मेलॉस बेटावर याच अथेन्सने पुरुषांची कत्तल केली, आणि तिथे दुसरी नौका कोणी पाठवली नाही. पण मायटिलीनी वाचलं, आणि ते कोणाच्या थोर मनामुळे वाचलं नाही. माणसं तीच होती, सभा तीच होती, वाद घालणाराही फायद्याचाच हिशेब मांडत होता. मधे एक रात्र गेली, एवढाच काय तो फरक.

याच्या अगदी उलट कागद १९१४ सालच्या जुलैचे आहेत. सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला २८ जूनला. व्हिएन्नाने, म्हणजे ऑस्ट्रियाने, खुनाचा ठपका ठेवून सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला २३ जुलैला, संध्याकाळी सहा वाजता. मधले जवळजवळ चार आठवडे खलिता घडवण्यात आणि मुहूर्त शोधण्यात गेले. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष तेव्हा रशियाच्या भेटीवर होते. ते तिथून निघेपर्यंत खलिता मुद्दाम दाबून ठेवला, म्हणजे दोन्ही मित्रदेशांना एका टेबलाशी बसून विचार करता येऊ नये. स्वतःसाठी चार आठवडे घेणाऱ्यांनी सर्बियाला किती वेळ दिला? ४८ तास.

सर्बियाने मुदत संपायला काही मिनिटं असताना उत्तर दिलं. दहा मागण्यांपैकी बहुतेक मान्य केल्या, काहींना शब्दांची मखलाशी केली, आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांना आपल्या भूमीवर तपासात घ्यायला नकार दिला. ऑस्ट्रियाच्या राजदूताने कागदावर नजर फिरवली, संबंध तोडल्याचं पत्र पाठवलं आणि साडेसहाची गाडी पकडून बेलग्रेड सोडलं. सामान आधीच बांधलेलं होतं. उत्तर यायच्या आधी बांधलेलं ते सामान मला शंभर पानी कारणमीमांसेपेक्षा जास्त सांगून जातं.

पुढची गंमत (गंमतच म्हणायची, दुसरा शब्द सुचत नाही) अशी, की ऑस्ट्रियाचा मित्र, जर्मनीचा कैसर विल्हेल्म सुट्टीवरून परतला आणि त्याने हे उत्तर वाचलं ते २८ जुलैच्या सकाळी. त्यावर त्याने शेरा मारला, की हा व्हिएन्नाचा मोठा नैतिक विजय आहे आणि युद्धाचं कारणच आता उरलेलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं. १ ऑगस्टला कैसरला वाटलं की इंग्लंड आणि फ्रान्स बाहेर राहतील, म्हणून त्याने सरसेनापती मोल्टकेला सांगितलं, सगळं सैन्य पूर्वेकडे, रशियावर वळवा. मोल्टके म्हणाला, ते शक्य नाही, लाखोंच्या फौजेचं वेळापत्रक ऐनवेळी बदलता येत नाही. ‘तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं,’ असं कैसर त्याला म्हणाला. (काका म्हणजे आधीचा नामांकित सरसेनापती, थोरला मोल्टके.) महायुद्धानंतर जर्मनीच्या लष्करी रेल्वे विभागाच्या एका माजी प्रमुखाने, गाड्या वळवता आल्या असत्या हे सिद्ध करायला एक आख्खं पुस्तक लिहिलं. तोवर मरायचे ते मरून गेले होते.

इतकी घाई का होते? थुसिडिडीझने आपल्या युद्धाची दोन प्रकारची कारणं सांगितली आहेत. एक, जी तेव्हा उघडपणे बोलली जात होती, तंटे, तह, तक्रारी. दुसरं, त्याच्या मते सर्वांत खरं आणि सर्वांत कमी बोललं गेलेलं, म्हणजे अथेन्सचं वाढतं बळ आणि त्यामुळे स्पार्टाला वाटणारी भीती. त्याच्या ग्रंथात अथेन्सचे दूत साम्राज्यामागच्या तीन प्रेरणा मोजून देतात: भीती, मान आणि लाभ. अडीच हजार वर्षांत या यादीत कोणी चौथं नाव घातलंय असं मला वाटत नाही. नवी नावं दिली गेली आहेत, तो भाग वेगळा.

यातला लाभ आपल्याला चटकन पटतो, कारण त्यात खलनायक असतो. युद्धं म्हणजे शस्त्रविक्रेत्यांचे उद्योग, हे एक वाक्य फेकलं की चर्चा संपते आणि आपण निर्दोष सुटतो. काही युद्धांना ते लागूही पडतं. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू याने इंग्रज व्यापाऱ्यांच्या अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या आणि ब्रिटनने त्याच्या भरपाईसाठी आरमार पाठवलं. १८४० च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश संसदेत सरकारविरोधी ठराव आला तेव्हा तरुण खासदार ग्लॅडस्टनने या युद्धाला अन्यायी म्हणून झोडपून काढलं, आणि सरकार २७१ विरुद्ध २६२ मतांनी तरलं. नऊ मतं! असा उघडावाघडा लाभ असला की नैतिक वाद सोपा असतो. खलनायक दिसतो, बाजू घेता येते.

भीतीचं तसं नाही. भीती प्रामाणिक असते आणि म्हणून जास्त घातक. १९१४ मध्ये जर्मन सेनाधिकाऱ्यांचा हिशेब असा होता, की रशियाची लष्करी सुधारणा १९१७ च्या सुमारास पुरी होईल, मग आपला निभाव लागणार नाही, म्हणून व्हायचंच असेल तर लवकर होऊ दे. १९४१ मध्ये अमेरिकेने जपानचं तेल तोडलं. गरजेचं बहुतेक तेल तिथूनच येत होतं. नौदलप्रमुख बैठकीत सांगत होते, ताशी चारशे टन तेल जळतंय, लवकर काय ते ठरवा. दोन्ही ठिकाणी युक्तिवाद एकच आहे: आज आपण बरे आहोत, उद्या नसू, म्हणून आजच. समोरच्याने काही केलंय म्हणून नव्हे, तो पुढे काही करू शकेल म्हणून. अशा युद्धाला जर्मन मुत्सद्दी बिस्मार्क मृत्यूच्या भीतीने केलेली आत्महत्या म्हणे, असं सांगतात.

अर्थात हा बिस्मार्क म्हणजे काही संत तुकाराम नव्हे. १८७० च्या १३ जुलैला एम्स इथून प्रशियाच्या राजाने फ्रेंच राजदूताशी झालेल्या बोलण्याची तार त्याला पाठवली. मजकूर तसा सभ्य होता. बिस्मार्कने त्यात एक शब्द घातला नाही, नुसती काटछाट केली आणि अशी केली की वाचणाऱ्या फ्रेंचाला वाटावं आपल्या राजदूताला हाकलून दिलं. तेव्हा त्याच्याबरोबर जेवायला बसलेल्या सेनापतींची मेलेली भूक ही काटछाट ऐकून परत आली, असं त्याने स्वतःच आठवणींत लिहून ठेवलं आहे. सहा दिवसांनी फ्रान्सने युद्ध पुकारलं.

निमित्तांची ही परंपरा मोठी आहे. १९३१ च्या १८ सप्टेंबरला चीनच्या मांचुरिया भागात मुकदेनजवळ जपानी अधिकाऱ्यांनी आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला, आणि तो इतका किरकोळ होता की थोड्याच वेळाने त्याच रुळांवरून गाडी गेली. तेवढ्यावर मांचुरिया घेतला. १९३९ च्या ३१ ऑगस्टला जर्मन हस्तकांनी पोलिश असल्याचं सोंग आणून ग्लायवित्सच्या जर्मन रेडिओ केंद्रावर हल्ला केला, आणि एका कैद्याला गुंगी आणून, मारून, पुरावा म्हणून तिथे टाकलं. हिटलर त्याच्या नऊ दिवस आधी सेनापतींना सांगून बसला होता, की कारण मी पुरवीन, ते पटण्यासारखं असो वा नसो. जिंकणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू खरं बोललास का.

मला इथे थांबून विचारावंसं वाटतं. मग पुरवलंच कशाला? ज्याला जगाची पर्वा नाही, ज्याच्या फौजा सीमेवर उभ्या आहेत, त्याला हे सोंग करायची गरज का पडली?

गरज जुनी आहे. रोममध्ये फेतियाल नावाचे पुरोहित असत. ते शत्रूच्या सीमेवर जाऊन भरपाई मागत, ठरावीक दिवस वाट बघत, आणि मग शत्रूच्या भूमीत भाला फेकत. त्याशिवाय युद्ध धर्म्य ठरत नसे. पुढे ग्रीसमधल्या पिऱ्हसशी युद्ध आलं, तेव्हा शत्रूची भूमी समुद्रापलीकडे. भाला पोचणार कसा? असं सांगतात की रोमनांनी पिऱ्हसच्या एका पकडलेल्या सैनिकाला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला, त्या तुकड्याला शत्रूची भूमी मानलं आणि भाला तिथे फेकला. स्पेनने १५१३ मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी एक जाहीरनामा तयार केला. पोप आणि राजाची सत्ता माना, नाहीतर युद्ध, लूट, गुलामगिरी, आणि दोष तुमचा. त्यात असंही लिहिलं होतं की हे समजून घ्यायला आणि विचार करायला लागेल तेवढा वेळ घ्या. प्रत्यक्षात तो लोकांना न कळणाऱ्या स्पॅनिशमध्ये, कधी जहाजावरून, कधी रिकाम्या गावांपुढे वाचला गेला. हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही, असं खुद्द लास कासास या स्पॅनिश पाद्रीने लिहिलं आहे.

हा ढोंगीपणा आहे हे सांगायला कोणी तत्त्वज्ञ नको. पण मला त्यात दिलाशाचीही एक रेघ दिसते. न्यायाची इतकी महागडी नक्कल करावी लागते, याचा अर्थ माणसं नुसत्या हुकमावर मारायला आणि मरायला तयार होत नाहीत. नाझी नेत्यांवर खटला चालू असताना, न्यूरेंबर्गच्या तुरुंगात १९४६ मध्ये हिटलरचा उजवा हात गोअरिंग याने अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्बर्टला हेच सांगितलं होतं, फक्त उलट बाजूने. सामान्य माणसाला युद्ध नको असतं, ते कुठल्याच देशात नको असतं. पण त्याला ओढून नेणं सोपं आहे, तुझ्यावर हल्ला होतोय म्हणून सांगायचं आणि शांततावाद्यांना देशद्रोही ठरवायचं. गिल्बर्ट म्हणाला, लोकशाहीत तसं नसतं, अमेरिकेत युद्ध फक्त काँग्रेस पुकारू शकते.

बिचारा गिल्बर्ट. १९६४ च्या ४ ऑगस्टला व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाला असं जाहीर झालं. तो हल्ला झालाच नव्हता. तीन दिवसांत काँग्रेसने व्हिएतनामसाठी राष्ट्राध्यक्षांना मोकळीक दिली, एका सभागृहात ४१६ विरुद्ध ०, दुसऱ्यात ८८ विरुद्ध २. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतरही तीनच दिवस लागले, आणि विरोधात एकच मत पडलं, बार्बरा ली यांचं. तेव्हाचा हल्ला पूर्णपणे खरा होता, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. पण त्या तीन दिवसांत मंजूर झालेली मोकळीक पुढे वीस वर्षं कुठल्या कुठल्या देशांत वापरली गेली. आणि लोकांना विचारून युद्ध केलं तर युद्धं कमी होतील हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा १७९५ मधला भरवसा अथेन्सनेच आधी खोटा पाडून ठेवला होता. इसवी सन पूर्व ४१५ मध्ये सिसिलीवर स्वारी करायचा ठराव तिथल्या नागरिकांनी उत्साहाने मंजूर केला, आणि मोहिमेवर त्यांतलेच अनेक जायचे होते. ज्यांना पटत नव्हतं ते, आपण देशाचे वाईट चिंतणारे ठरू या भीतीने, हात न उंचावता गप्प बसले. मोहीम पार बुडाली. दोन वर्षांनी सात हजारांवर कैदी सिसिलीतल्या सिराक्यूजच्या दगडखाणींत उघड्यावर कोंबले होते. आठ महिने रोजचं रेशन माणशी पाव लिटरभर पाणी आणि त्याच्या दुप्पट मापाचं धान्य.

एव्हाना वाचणाऱ्याच्या मनात आलं असेल, की हा माणूस थांबा थांबा म्हणतोय, पण थांबल्यामुळेही माणसं मरतात. मरतात. १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनने हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका देऊन वेळच विकत घेतला आणि किंमत चेकोस्लोव्हाकियाने भरली. १९९४ च्या एप्रिलमध्ये रवांडात कत्तल सुरू झाली, तेव्हा सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवली नाही. सुमारे अडीच हजारांवरून २७० वर आणायचा निर्णय घेतला. शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसं मारली गेली. तिथे एक रात्र मधे जाऊ देणं हेच पाप होतं. मी शांततावादी नाही तो या रवांडामुळे.

आणि मग ती तीन युद्धं येतात, ज्यांच्याशी नैतिक सिद्धांत मांडणाऱ्या कोणालाही झटापट करावी लागते. १९७१ मध्ये भारताने पूर्व पाकिस्तानात, १९७८ च्या अखेरीस व्हिएतनामने कंबोडियात आणि १९७९ मध्ये टांझानियाने युगांडात सैन्य घातलं. तिन्ही ठिकाणी कत्तली करणारी राजवट संपली. तिन्ही देशांनी आपलं मुख्य कारण म्हणून स्वसंरक्षण पुढे केलं, आणि तिघांचेही स्वतःचे हिशेब होतेच. कोणाचे हात धुतल्या तांदळासारखे नव्हते; ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ले केले हे खरं, पण नोव्हेंबरातच भारतीय तुकड्या सीमेपलीकडे लढत होत्या. कंबोडियात कत्तली करणाऱ्या पोल पॉटला हाकलणाऱ्या व्हिएतनामवर तर जग इतकं नाराज झालं, की संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा पुढे कित्येक वर्षं पोल पॉटच्या बाजूकडेच राहिली. आता उलटी उदाहरणं घ्या. मुसोलिनीने १९३५ मध्ये इथिओपियावर हल्ला केला, तेव्हा तिथल्या गुलामगिरीचं निर्मूलन हे एक कारण पुढे केलं होतं. हिटलरला चेकोस्लोव्हाकियातल्या सुडेटन जर्मनांवरचे अत्याचार सहन होत नव्हते. म्हणजे ज्यांच्या युद्धाने माणसं वाचली ते स्वार्थाची भाषा बोलत होते, आणि ज्यांच्या तोंडी कणव होती ते गिळायला निघाले होते. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्विनासने न्याय्य युद्धासाठी अधिकारी सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू अशा तीन अटी घातल्या. त्यांतली तिसरी तपासायची कशी, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

म्हणून मी हेतू तपासायचं सोडून घड्याळ तपासतो. ते अचूक नाही, पण कागदावर दिसतं तरी. १९७१ मध्ये २५ मार्चला ढाक्यात दमन सुरू झालं आणि उघड युद्ध झालं डिसेंबरात. मधे जवळपास एक कोटी निर्वासित आले, पंतप्रधान युरोप-अमेरिकेच्या राजधान्या फिरून आल्या, दुसरा मार्ग निघतो का हे सगळ्या जगाला विचारून झालं. त्यात पावसाळा टाळायचा, सैन्य सज्ज करायचं हेही होतं, नुसती सात्त्विकता नव्हती. आणि या थांबण्याची किंमत पूर्व बंगालच्या लोकांनी मोजली हेही विसरता येत नाही. २००३ मध्ये काय झालं? इराकमध्ये संहारक अस्त्रं शोधणारे संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक कामाला लागले होते. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स ७ मार्चला सुरक्षा परिषदेत म्हणाले, उरलेल्या कामाला वर्षं नकोत, आठवडे पुरणार नाहीत, महिने लागतील. पण तोवर आखातात दोन लाखांवर सैनिक आणून ठेवलेले, उन्हाळा तोंडावर आलेला. १७ मार्चला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सद्दामला देश सोडायला मुदत दिली. ४८ तास. वृत्तवाहिन्यांनी कोपऱ्यात उलटं घड्याळ लावलं, आणि क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारखे आम्ही सगळे तो आकडा बघत बसलो होतो. संहारक अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. ब्लिक्सना हवे होते तेवढे महिने मिळाले असते, तर हे युद्धाआधी कळलं असतं.

युद्ध सुरू झाल्यावरच्या नीतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार काही आशा नाही. कुरुक्षेत्रावर आधी नियम ठरले होते, निःशस्त्रावर, पाठमोऱ्यावर वार करायचा नाही. अठराव्या रात्री अश्वत्थामा छावणीत झोपलेल्यांना मारत होता. कलिंग जिंकल्यावरचा अशोकाचा पश्चात्ताप आपण कौतुकाने सांगतो, आणि तो आहेच कौतुकाचा. एक लाख मेले, दीड लाख धरून नेले, हे जिंकणारा राजा स्वतः पश्चात्तापाने दगडावर कोरून ठेवतो असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पण त्याच तेराव्या शिलालेखात अरण्यातल्या टोळ्यांना इशाराही आहे, की पश्चात्ताप झाला असला तरी राजाच्या हातात बळ आहे. कलिंग त्याने परत केला नाही. आणि धौली आणि जौगड या कलिंगातल्या दोन्ही ठिकाणी हा लेख गाळून त्या जागी वेगळे लेख कोरले आहेत. ज्यांची माफी मागायची त्यांना सोडून बाकी सगळ्यांना ती वाचायला मिळाली.

न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने आक्रमक युद्धाला सर्वोच्च आंतरराष्ट्रीय गुन्हा म्हटलं. त्या न्यायपीठावर सोव्हिएत न्यायाधीश बसले होते, ज्यांच्या देशाने १९३९ मध्ये मायनिला गावी स्वतःच्याच हद्दीत तोफगोळे पाडून फिनलंडवर हल्ला केला होता. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण करताना पुतिन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ५१ व्या, म्हणजे स्वसंरक्षणाच्या, कलमाचा हवाला दिला. रोमच्या त्या जमिनीच्या तुकड्याला आता कलम क्रमांक आला आहे, एवढंच.

माझ्या घड्याळाच्या सिद्धांताला सर्वांत मोठा आधार १९६२ चा ऑक्टोबर देतो, आणि सर्वांत मोठी अडचणही तोच करतो. १६ तारखेला सकाळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रं दाखवली. पहिल्या दिवशी सल्लागारांचा कल हवाई हल्ल्याकडे होता. त्यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी बैठकीत एक चिठ्ठी सरकवली: पर्ल हार्बरचा बेत आखताना तोजोला (जपानच्या तेव्हाच्या पंतप्रधानाला) कसं वाटलं असेल ते मला आता कळतंय. तीन दिवसांनी हवाई दलाचे प्रमुख कर्टिस लेमे राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर म्हणाले, नुसती नाकेबंदी म्हणजे म्युनिकइतकीच वाईट. केनेडी घुटमळत राहिले, वाद होऊ देत राहिले, शेवटी नाकेबंदीवर आले, आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं गुपचूप कबूल करून सुटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनीच सांगितलं, की पहिल्या चोवीस तासांत निर्णय घ्यावा लागला असता, तर आम्ही इतका शहाणपणाचा निर्णय घेतला नसता. क्यूबात लढाईत वापरायची छोटी अण्वस्त्रंही तेव्हा पोचली होती, हे अमेरिकेच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांना कळलं ते १९९२ मध्ये, हवानातल्या एका परिषदेत.

आता अडचण. ते सहा दिवस केनेडींना मिळाले, कारण २२ तारखेच्या भाषणापर्यंत लोकांना, संसदेला पत्ता लागू दिला नाही. मी तर आयुष्यभर उलटं मानत आलो, की युद्धाचे निर्णय बंद खोलीत होऊ नयेत. मायटिलीनीला उघड्या सभेने वाचवलं. क्यूबाच्या वेळी बंद दरवाजाने वाचवलं. लेमे त्या खोलीत एका बाजूला पडले. तेच वाक्य त्यांनी त्या आठवड्यात एखाद्या भरल्या मैदानात म्हटलं असतं, तर टाळ्या त्यांनाच पडल्या असत्या.